ऑफिसच्या कामासाठी स्वस्तातला मॉनिटर: २४ इंची की २७ इंची?

काटकसर_०७
रोजचे सात-आठ तास एक्सेल, मेल, ब्राउझर आणि मराठी-इंग्रजी टायपिंग. गेम नाहीत, फोटो एडिटिंग नाही. लॅपटॉप १५.६ इंची फुल एचडी, त्याला एचडीएमआय आहे. टाइप-सी पोर्टही आहे, पण त्यातून डिस्प्ले मिळतो का ते माहीत नाही. टेबलाची खोली ६० सेंमी, डाव्या हाताला खिडकी.

२४ आणि २७ इंची, दोन्ही फुल एचडी, जवळपास सारख्याच किमतीला दिसतायत. मग मोठा का घेऊ नये? पॅनेल, म्हणजे पडद्याची जात, आयपीएस घ्यावी की व्हीए? आणि खोक्यावरच्या १०० हर्ट्झ, १ मिलिसेकंद, एक कोटीला एक असला कॉन्ट्रास्ट यांतलं खरंच कामाचं काय?

पिक्सेलमोजणी
२७ इंची फुल एचडी घेऊ नका. दोन्हींत पिक्सेल तेवढेच, १९२० × १०८०. मोठ्या पडद्यावर एक्सेलची एक ओळही जास्त दिसत नाही, फक्त प्रत्येक ठिपका मोठा होतो. २४ इंचीत (प्रत्यक्षात २३.८) एका इंचात साधारण ९३ पिक्सेल बसतात आणि एक पिक्सेल ०.२७ मिमीचा असतो. २७ इंचीत ८२ बसतात, पिक्सेल ०.३१ मिमीचा. विंडोजचं १०० टक्के स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं न वाढवता दाखवणं, इंचाला ९६ पिक्सेल धरून आखलेलं आहे, म्हणजे २४ इंची त्याच्या जवळ जातो.

इंग्रजीत हा फरक एक वेळ चालून जाईल, मराठीत लगेच डोळ्यांत भरतो. रफार, अनुस्वार, उकार हे सगळं शिरोरेघेच्या वर-खाली दोन-तीन पिक्सेलांत बसवावं लागतं. ठिपके मोठे असले की लहान फाँटमध्ये ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच दिसायला लागतात. मुद्रितशोधन करायचं असेल तर हे परवडत नाही. त्यात ६० सेंमीच्या टेबलावर स्टँड मागे १८-२० सेंमी खातो, म्हणजे पडदा डोळ्यांपासून हातभरच. दोन मीटरवरून बघणार असता तर गोष्ट वेगळी.

२७ इंची घ्यायचाच तर २५६० × १४४० बघा. तिथे घनता १०९ होते आणि अक्षर छान कोरीव दिसतं, पण १०० टक्के स्केलिंगला बारीक. १२५ टक्के केलंत की प्रत्यक्ष जागा उरते २०४८ × ११५२ एवढी, म्हणजे फुल एचडीपेक्षा किंचितच जास्त. चष्म्याचा नंबर मोठा असेल तर जास्तीचे पैसे कशाला जातायत ते आधी बघा.

१९२० × १२०० चा, म्हणजे १६:१० चा २४ इंची थोड्याच फरकाने मिळत असेल तर तो सगळ्यात भारी. उंचीत १२० पिक्सेल जास्त मिळतात. एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेलांची असते, म्हणजे स्क्रोल न करता सहा ओळी जादा. कचेरीच्या कामाला रुंदी नाही, उंची कमी पडते, आणि जाहिराती मात्र रुंदीच्याच.

आता खोक्यावरचे आकडे. एक कोटीला एक वगैरे हा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट: चित्र गडद आलं की मागचा दिवा मंद करून मिळवलेला आकडा. मॉनिटरच्या मेनूत जाऊन ते बंदच करा, नाहीतर काळ्या खिडकीवरून पांढऱ्या शीटवर आलं की उजेड वर-खाली होत राहतो. खरा आकडा स्टॅटिक कॉन्ट्रास्टचा, म्हणजे दिवा तोच ठेवून पांढरं काळ्याच्या किती पट उजळ ते: आयपीएसला साधारण १०००:१, व्हीएला ३०००:१. १ मिलिसेकंद हा पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, तो तुमच्या कामाचा नाही. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला घाई करायला लावणारी मेनूतली सोय) शेवटच्या पायरीवर ठेवून तो मिळवलेला असतो आणि त्या पायरीवर हलत्या अक्षरांमागे फिकट सावली दिसते, ‘नॉर्मल’वर ठेवा. ७५ किंवा १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र ताजं होणं, मात्र फुकटात मिळत असेल तर घ्या, स्क्रोल करताना मजकूर वाचता येतो. विंडोज बऱ्याचदा ६० वरच राहतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन हाताने बदलावं लागतं.

उजेडवाला
पॅनेलचं मी सांगतो. शेजारी खिडकी आहे म्हणजे दिवसा उजेडात काम. तिथे व्हीएचा गडद काळा रंग वाया जातो आणि त्याची खोड तेवढी उरते: तिरप्या कोनातून रंग फिके पडतात, आणि जवळ बसलं की पडद्याच्या दोन्ही कडा तशा तिरक्याच दिसतात. काळ्या थीमवर स्क्रोल केलं तर अक्षरं फरफटतात. आयपीएस घ्या, मॅट (न चकाकणाऱ्या) पडद्याचा. अंधाऱ्या खोलीत आयपीएसचे कोपरे उजळ दिसतात, पण पांढऱ्या शीटवर काम करणाऱ्याला त्याचं काय? टीएन ही तिसरी जात सरळ टाळा, मान जरा खाली केली की वरचा भाग काळवंडतो.

उजेड २५० निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) पुरेसा, एरवी १०० ते १५० वरच काम होतं. कोरा वर्ड डॉक्युमेंट उघडा, पडद्याशेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. मॉनिटर बहुतेक वेळा कमाल ब्राइटनेसवर येतो आणि डोळे दुखण्याचं खापर पॅनेलवर फुटतं.

‘फ्लिकर-फ्री’ मात्र बघूनच घ्या. काही स्वस्त मॉनिटर दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात. ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणा आणि फोनच्या स्लो-मोशनमध्ये पांढरा पडदा टिपा. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो घेऊ नका. १०० टक्क्यांवर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, तिथे चालू-बंद होतच नाही.

मानदुखी_विरोधी
स्टँडबद्दल कोणीच बोललं नाही. या किमतीतले बहुतेक स्टँड फक्त पुढे-मागे कलतात, उंची बदलत नाहीत, आणि पडद्याची वरची कड नजरेच्या खूप खाली राहते. ती नजरेच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी. म्हणून पाठीमागे १०० × १०० मिमीची किंवा ७५ × ७५ ची व्हेसा भोकं, म्हणजे भिंतीवर किंवा आर्मवर बसवायची ठरावीक मापाची भोकं, आहेत का ते बघा. अगदी सडपातळ मॉडेल्समध्ये ती कधीकधी नसतात, आणि मग आर्म (मॉनिटर हवा तिथे धरणारा, टेबलाला लावायचा दांडा) लावायचा रस्ताच बंद. स्क्रू एम४ चे लागतात. गॅस-स्प्रिंग आर्म घेतलात तर त्याची किमान वजनमर्यादाही वाचा. २४ इंची पॅनेल स्टँडशिवाय तीनेक किलोचं भरतं. आर्म जड मॉनिटरचा असेल तर पडदा आपोआप वर जातो, आणि स्प्रिंगचा ताण कमी करूनही थांबत नाही.

आणखी एक. वीजपुरवठा आतच असेल तर सीपीयूला लागते तीच जाड पॉवर केबल चालते. बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असेल तर तो गेल्यावर त्याच व्होल्टेजचा आणि त्याच पिनचा शोधत बसावं लागतं.

काटकसर_०७
२४ इंची आयपीएस, व्हेसासकट, नक्की. एक शंका: एचडीएमआयवर अक्षरांना रंगीत कडा येतात, काळा रंग राखाडी दिसतो, अशा तक्रारी बऱ्याच वाचल्या. हा पॅनेलचा दोष का?

पिक्सेलमोजणी
बहुतेक वेळा नाही. एचडीएमआयवर लॅपटॉप कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतो, त्यातून तीन घोटाळे होतात.

रंगीत कडा: सिग्नल आरजीबीऐवजी (प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग) वायसीबीसीआर ४:२:२ किंवा ४:२:० या व्हिडिओच्या पद्धतीने जातोय. यात रंगाची माहिती निम्मी किंवा पाव होते. व्हिडिओत कळत नाही, मजकुरात कळतं. निळ्या सेलमध्ये लाल अक्षरं लिहून बघा, कडा विस्कटल्या तर हेच. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये कलर फॉरमॅट दिसतो. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमधून तो आरजीबी करा.

राखाडी काळा: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या लॅपटॉप ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ पाठवतोय. ड्रायव्हरमध्ये रेंज ‘फुल’ करा, आणि मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल असेल तर दोन्हीकडे जुळतंय ना ते बघा.

कडा कापल्या जाणं किंवा भोवती काळी चौकट: ओव्हरस्कॅनचा गोंधळ, म्हणजे चित्र पडद्यापेक्षा मोठं किंवा लहान आखलं जाणं. मॉनिटरच्या मेनूत १:१ निवडा, किंवा ड्रायव्हरमधलं एचडीएमआय स्केलिंग शून्यावर आणा.

हे सगळं करूनही अक्षरांभोवती पांढरी झालर दिसली तर मॉनिटरचा शार्पनेस दोन-तीन पायऱ्या खाली आणा, मग विंडोजमध्ये क्लिअरटाइप (अक्षरं सुस्पष्ट करायची सोय) चालवा. व्हीजीए (जुन्या पद्धतीची) केबल मात्र लावू नका. सिग्नल अ‍ॅनालॉग होतो आणि अक्षरं पुसट होतात.

टाइप-सीचं: पोर्टशेजारी ‘डीपी’चं (डिस्प्लेपोर्ट) किंवा विजेच्या बाणाचं (थंडरबोल्ट) चिन्ह असेल तर डिस्प्ले निघतो. चिन्ह नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. आणि फोन चार्जिंगची केबल बहुधा चित्र नेत नाही.

उजेडवाला
परत करायची मुदत आहे तोवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच सपाट रंग पूर्ण पडदाभर लावून बघा. एखाद-दुसऱ्या मेलेल्या पिक्सेलवर वॉरंटीत बदली मिळेलच असं नाही, कंपन्या ठरावीक संख्येपर्यंत दोष चालवून घेतात. पण मुदतीतली परतफेड वेगळी. म्हणून खोकं आणि थर्माकोल तेवढे दिवस टाकू नका.