गाळताना अ‍ॅरेचा आकार मोडू देऊ नका

पंचगंगा खोऱ्याच्या पावसाचा दिवस, अक्षांश, रेखांश असा त्रिमितीय अ‍ॅरे (आकड्यांची मांडणी) आहे, त्यातून फक्त ५० मिमीच्या वरचा पाऊस गाळून घेतला की सपाट यादी हातात येते आणि रोजची बेरीज जमत नाही, असं तुम्ही म्हणताय. नमपायमध्ये (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत) चौकटी कंसात थेट अट टाकली की असंच होणार. कुठली किंमत कुठल्या दिवसाची, ही माहितीच तिथं जाते. त्याऐवजी व्हेअर हे फंक्शन वापरा: अट पाळणारे आकडे तसेच, बाकीच्या जागी नॅन (‘इथं आकडा नाही’ अशी खूण), आणि आकार जागेवर. मग नॅनसम, म्हणजे नॅन सोडून बाकीच्यांची बेरीज.

बेरीज कुठल्या अक्षावर करायची ते अ‍ॅक्सिसमध्ये सांगायचं; तुमच्याकडे दिवस ०, अक्षांश १, रेखांश २. एवढंच लक्षात ठेवा, की जो अक्ष द्याल तो संपतो. शून्य दिलंत तर दिवस संपून नकाशा उरेल. तुम्हाला रोजचा आकडा पाहिजे, म्हणजे (१, २).

या चर्चेत वर कुणीतरी एक्सअ‍ॅरे ही पायथनचीच दुसरी लायब्ररी सुचवलीय, मलाही तेच पटतं. तिथं अक्षाला नाव असतं, सहा महिन्यांनी कोड उघडला तरी कळतो. फक्त एका गोष्टीला जपा. नॅनसम काय किंवा एक्सअ‍ॅरेचा सम काय, सगळेच नॅन असले तर उत्तर ० येतं. नकाशावरच्या गगनबावड्याच्या चौकटीत भर जुलैत आठवडाभर नोंदच नसली, तर त्या चौकटीची आठवड्याची बेरीज सांगणार पाऊस शून्य! पूर्वइशाऱ्याच्या कामात हे फार घातक आहे. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, मधे फक्त चार फूट आहेत. म्हणून एक्सअ‍ॅरेत गाळण्याआधीच्या मूळ अ‍ॅरेची बेरीज मिन_काउंट=१ (किमान एक आकडा असला तरच बेरीज, नाहीतर नॅन) देऊन वेगळी काढा. ती जिथं नॅन येईल तिथं नोंद नाही, असं समजा.