किल्ली दाराशी ठेवा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

ब्रॅम्प्टनकर:
काल इथे एकाने लिहिलं, 'गाडीची किल्ली दाराशीच ठेवा. चोर गाडी नेईल, विमा पैसे देईल, विषय संपला.' २०२४च्या सुरुवातीला इथे कॅनडात, टोरांटोच्या एटोबिको भागातल्या बैठकीत एका पोलिसाने किल्ली दाराशी ठेवायला सांगितलं, तेव्हा केवढा गहजब झाला! आता आपलीच माणसं तेच सांगतायत. घरफोडी आणि रस्त्यात बंदूक दाखवून गाडी हिसकावणं, दोन्हींवर एकच औषध? मागून मुद्दाम धक्का देतात, आपण इंजिन चालू ठेवून काय झालं ते बघायला उतरतो, तेवढ्यात दुसरा गाडीत बसतो. मागे बाळ पट्ट्यात अडकलेलं असलं तर? संशय आला की उतरायचंच नाही. दारं लॉक, ९११वर पोलिसांना फोन, आणि थेट उजेडात, माणसांत जायचं.

दाराशीकिल्ली:
ते मीच लिहिलं. पकडलेल्या चोरांपैकी अनेकांकडे खऱ्या बंदुका असतात, हेही त्याच पोलिसाने सांगितलं होतं; ते बरं विसरलात. आमच्या शेजारी रात्री दार फोडून आत शिरले. म्हातारी आई खाली झोपलेली. त्यांना फक्त किल्ली हवी होती. ती शोधत माझ्या मुलांच्या खोलीपर्यंत कोणी यायला नको. तुम्ही तत्त्वं सांभाळा.

माँट्रियलवाला:
किल्ली उघडी ठेवलीत तर दार फोडायचीही गरज नाही. फॉबचा, म्हणजे बिनतारी किल्लीचा, सिग्नल बाहेरूनच खेचतात. सिग्नल अडवणाऱ्या डबीत ठेवा, स्टिअरिंगला लॉक लावा. आणि गाड्या जातात कुठे? आमच्या बंदरात ५९८ चोरीच्या गाड्या सापडल्याचं २०२४च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. कंटेनर आधीच का तपासत नाहीत, हे कोणी विचारतच नाही.

स्कारबरोची वहिनी:
त्याआधी मला सांगा, गाडी ड्राइव्हवेत का? गराज असतं ना! त्यात विंटर टायर, गणपतीचं मखर आणि भारतातून आणलेले खोके. साठ हजार डॉलरची गाडी बाहेर, भंगार आत.

ब्रॅम्प्टनकर:
वहिनी, गराजमध्ये एकच गाडी मावते. बेसमेंटच्या भाडेकरूचीही गाडी असते.

स्कारबरोची वहिनी:
मग भाडेकरूची बाहेर ठेवा!

मॉर्गेजग्रस्त:
भाडेकरूंवर घसरू नका. हप्ता तुम्ही भरणार का? सगळ्यांची घरं जुन्या भावातली नाहीत.

स्कारबरोची वहिनी:
माझं घर काढायचं कारण नाही. आम्ही दोन-दोन नोकऱ्या करून घेतलंय.

मिसिसागाची मावशी:
भांडण पुरे. माझ्या भाचीला मॉलच्या पार्किंगमध्ये दोन पोरांनी गाठलं. तिने किल्ली लांब फेकली आणि 'बाळ आहे, बाळ काढू द्या' एवढंच ओरडत राहिली. एक किल्लीमागे धावला, तिने पट्टा सोडवून बाळ काढलं. गाडी गेली ती गेलीच. आता ती आधी सामान भरते, बाळाला शेवटी बसवते, लगेच लॉक करून निघते. फोन बघत बसत नाही. थंडीत इंजिन चालू ठेवून 'दोन मिनिटांत येते' म्हणत बाळाला एकटं सोडणाऱ्या आया मी रोज बघते. त्यांना कोण सांगणार?

दाराशीकिल्ली:
रस्त्यावरचं मान्य, मावशी. तिथे माझा उपाय कामाचा नाही. घरात किल्ली दाराशीच राहील.

ब्रॅम्प्टनकर:
ठेवा. पण डबीत ठेवा. आणि 'विषय संपला' हे तेवढं मागे घ्या.

दाराशीकिल्ली:
डबी मागवतो. मागे काही घेत नाही.