स्किपरच्या नोंदी सामान्य नावाने ठेवाव्यात का? (चर्चा)

नोंदवही:

हेस्पेरिडी कुळातल्या, म्हणजे स्किपर फुलपाखरांच्या नोंदी नुसत्या इंग्रजी सामान्य नावाने ठेवणं थांबवावं, असं माझं मत आहे. निळवंत किंवा बिबळ्या कडवा यांच्या बाबतीत माझी काही हरकत नाही. ती फुलपाखरं लांबूनही ओळखू येतात, नाव काहीही लिहा, गोंधळ होत नाही. स्किपरचं तसं नाही.

तीन उदाहरणं देतो, तिन्ही 'स्विफ्ट' म्हणवणाऱ्या तपकिरी स्किपरची. भातखाचरावर सर्रास दिसणारा बोर्बो सिनारा भारतात 'राइस स्विफ्ट' आहे. सिंगापूर-मलेशियात त्यालाच 'फॉर्मोसन स्विफ्ट' म्हणतात. पेलोपिडस अग्नाला कुणी 'बेंगॉल स्विफ्ट' म्हणतं, कुणी 'ऑब्स्क्युअर ब्रँडेड', कुणी 'डार्क ब्रँडेड'. आणि त्याचा जवळचा भाऊ पेलोपिडस मथायस आपल्याकडे 'स्मॉल ब्रँडेड' असला तरी काही याद्यांमध्ये 'डार्क स्मॉल-ब्रँडेड' म्हणून येतो. आता एखाद्या जुन्या वहीत नुसतं 'डार्क ब्रँडेड स्विफ्ट' लिहिलेलं सापडलं, तर ते अग्ना धरायचं की मथायस? फोटो जोडलेला नसेल तर ती नोंद वाया गेली.

दुसरं म्हणजे ही नावं चुकीची दिशा दाखवतात. 'ग्रास डेमन', म्हणजे उदास्पेस फोलस, याची अळी गवत खात नाही. ती हळद, आलं, सोनटक्का यांच्या पानांवर वाढते. 'इंडियन पाम बॉब' भारतापुरता नाही, तो पूर्वेकडे बराच लांबपर्यंत सापडतो.

तेव्हा शास्त्रीय नाव आधी, आणि प्रजातीची खात्री नसेल तर वंशावर, म्हणजे शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दावर, थांबायचं. 'पेलोपिडस, प्रजाती अनिश्चित' हीसुद्धा चांगली नोंद आहे.

रानजाई:

नोंदवही, वंशावर थांबायचा मुद्दा शंभर टक्के मान्य. सामान्य नावांवरचा राग मात्र पटला नाही.

आपण वापरतो त्यातली बरीचशी नावं ब्रिगेडियर इव्हान्स यांच्या 1932 च्या पुस्तकातून रूढ झाली. स्किपर हा त्यांचा खास अभ्यासाचा विषय होता. त्या नावांतला शेवटचा शब्द नुसता सजावटीचा नाही. 'फ्लॅट' पंख सपाट पसरून बसतात, बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला. 'अँगल'च्या पंखांच्या कडा कोनदार कापल्यासारख्या असतात. 'ऑल' पंख मिटून पानाखाली उलटे लटकतात आणि मागच्या पंखाचा कोपरा खाली ओढल्यासारखा असतो. 'डार्ट' ऊन खाताना पुढचे पंख अर्धवट उभे आणि मागचे आडवे ठेवतात. नव्या माणसाला हे चार शब्द कळले की शेतात उभ्या उभ्या अर्धी गाळणी होते. 'टॅजिआडीस' म्हटल्याने त्याला काय दिसणार? 'स्नो फ्लॅट' म्हटलं की मागच्या पंखाचा पांढरा भाग आणि सपाट बसणं, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर येतं.

आणि शास्त्रीय नावं तरी कुठे स्थिर आहेत? 'ऑरेंज ऑलेट' बरीच वर्षं बिबासिस जैना होतं. मग बिबासिस वंश फोडला आणि पहाटे-संध्याकाळी उडणाऱ्या प्रजाती बुरारामध्ये गेल्या. फुलपाखरू तेच, सामान्य नाव तेच, शास्त्रीय नाव बदललं. जुन्या वहीत 'ऑरेंज ऑलेट' लिहिणाऱ्याची नोंद आजही जशीच्या तशी वाचता येते.

बांधावरून:

शेतीच्या बाजूने बोलतो, कारण हा नुसता हौशी लोकांचा वाद नाही.

आपल्याकडे शेतकरी सल्ल्यांमध्ये 'पाने गुंडाळणारी अळी' हे एकच नाव दोन वेगळ्या किडींना लागतं. भातावर ते सहसा एका पतंगाच्या, नॅफॅलोक्रोसिसच्या अळीसाठी येतं. हळदीवर तेच नाव उदास्पेस फोलसला, म्हणजे ग्रास डेमनला लावतात. भातात स्किपरही असतात, मथायस आणि बोर्बो दोन्ही. त्यामुळे गुंडाळलेलं पान दिसलं की सगळं एकाच खात्यात जमा होतं.

भाताच्या पानावर फरक असा बघा:

पतंगाची अळी पानाची गुंडाळी करून आत बसून हिरवा थर खरवडते. पानावर लांब पांढरे पट्टे उमटतात, पण कडा बहुधा शाबूत राहते. हात लावला की ही अळी जोरात वळवळते.

स्किपरची अळी पानाच्या कडेपासून मध्यशिरेकडे खात जाते, म्हणून पान कुरतडल्यासारखं दिसतं. तिचं डोकं मोठं आणि त्यामागे मान एकदम बारीक. ही 'मान' एकदा ओळखू आली की पुन्हा चूक होत नाही.

केळीवरचा प्रकार तर आणखी महत्त्वाचा. केळीचं पान कडेने कापून त्याची जाड नळी करणारी, अंगावर पांढरी मेणासारखी भुकटी असलेली अळी एरिओनोटाची. 2014 च्या सुमारास केरळात केळीवर तिचा मोठा उद्रेक झाला, ती एरिओनोटा टोरस. पण 'पाम रेडआय', 'बनाना स्किपर' ही नावं एरिओनोटा थ्रॅक्सला लावतात आणि टोरसला 'राउंडेड पाम रेडआय'. नुसतं 'बनाना स्किपर' लिहिलं की दोन्ही एकात मिसळतात. परजीवी गांधीलमाशी आणून कीड आवरायची असेल, तर आधी कीड नक्की कुठली ते माहीत हवं. हवाईत 1973 मध्ये थ्रॅक्स शिरल्यावर कोटेशिया एरिओनोटी ही परजीवी माशी सोडून ती आवरली. असले प्रयोग प्रजातीच्या नावावर उभे असतात. तेव्हा मी नोंदवहीच्या बाजूने.

रानजाई:

बांधावरून, तुमचंच उदाहरण उलट बाजूनेही लागू पडतं. मॉरिशसमधली केळीवरची कीड कितीतरी वर्षं थ्रॅक्स म्हणून नोंदली गेली, नंतर ती टोरस असल्याचं स्पष्ट झालं. तिथे तर सगळ्यांनी शास्त्रीय नावच वापरलं होतं. चूक ओळखण्यात होती. चुकीच्या ओळखीवर शास्त्रीय नाव चढवलं की ती उलट जास्त खात्रीची वाटते आणि वर्षानुवर्षं कुणी तपासत नाही.

सामान्य नावात निदान बघायला सांगणारी खूण तरी असते. टोरसच्या नावात 'राउंडेड' आहे तो पुढच्या पंखाच्या गोलसर टोकासाठी. थ्रॅक्सचं टोक जास्त टोकदार. 'रिस्ट्रिक्टेड डेमन', 'कन्जॉइन्ड स्विफ्ट' ही नावंही काय बघायचं ते सुचवतात.

पंखशिरा:

दोन्ही बाजू नावावर भांडताहेत आणि फोटोंचा विषय बाजूला राहतोय. स्विफ्टच्या चुकीच्या नोंदींचं मुख्य कारण म्हणजे पंख मिटलेला एकच फोटो. त्यावर अग्ना-मथायस काहीही लिहा, उपयोग शून्य.

स्विफ्टसाठी किमान एवढं टिपा: पंख मिटलेली खालची बाजू, अगदी काटकोनात; ऊन खाताना पुढच्या पंखाची वरची बाजू; आणि डोकं-मिशा जवळून. मग या क्रमाने बघा.

मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाकडच्या बंद कप्प्यात, म्हणजे सेलमध्ये, ठिपका आहे का? असेल तर बहुधा पेलोपिडस. नसेल आणि बाहेर थोडेच ठिपके असतील तर बोर्बो सिनाराकडे वळा.

मग पुढच्या पंखाची वरची बाजू. पेलोपिडस मथायस आणि अग्नाच्या नरात तिथे तिरपी करडी रेघ असते, तिला ब्रँड म्हणतात. सेलमधल्या दोन ठिपक्यांतून एक रेघ मनाने ओढून खाली वाढवा. मथायसमध्ये ती ब्रँडला छेदते. अग्नामध्ये छेदत नाही किंवा जेमतेम खालच्या टोकाला टेकते. बोर्बोला ब्रँड नसतो, त्याऐवजी त्या भागात एक पिवळसर, अपारदर्शक छोटा ठिपका असतो. तो पलीकडचा उजेड दाखवत नाही, बाकीचे ठिपके काचेसारखे चमकतात. प्रकाश मागून असेल तर हा फरक एका फोटोत कळतो.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: मादीला ब्रँड नसतो. 'ब्रँड नाही म्हणून बोर्बो' असा निष्कर्ष काढला जातो आणि पेलोपिडसच्या माद्या बोर्बोच्या यादीत जातात. म्हणून आधी मागच्या पंखाचा सेल, नंतर ब्रँड. क्रम उलटा करू नका. शिवाय जुन्या, झिजलेल्या फुलपाखराचे खवले गळलेले असतात. त्यात सेलमधला बारीक ठिपका दिसेनासा होतो, तिथेही वंशाच्या पुढे जाऊ नये.

पोटँथसचे पिवळे डार्ट तर फोटोवरून सोडूनच द्या. त्यातल्या बऱ्याच प्रजाती नराचे जननांग तपासल्याशिवाय सांगता येत नाहीत, आणि नमुना गोळा करायचा तर संरक्षित जंगलात वनखात्याची परवानगी लागते. तिथे 'पोटँथस' एवढंच लिहा.

नोंदवही:

रानजाई, ओळख चुकली तर कुठलंच नाव वाचवत नाही, हे मान्य. पण चूक सापडल्यावर ती दुरुस्त कशी करणार? शास्त्रीय नाव बदललं तर जुनं नाव समानार्थी म्हणून नोंदलेलं राहतं. बिबासिस जैनापासून बुरारा जैनापर्यंतचा माग सापडतो. 'फॉर्मोसन स्विफ्ट' आणि 'राइस स्विफ्ट' एकच, हे सांगणारी तशी कुठलीही अधिकृत साखळी नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तर देश बदलला की पडद्यावरचं सामान्य नावही बदलू शकतं. मूळ नोंद टिकते ती आत शास्त्रीय नावाला जोडलेली असते म्हणून.

बांधावरून:

पंखशिरा, फोटोपेक्षा खात्रीचा एक मार्ग आहे, विशेषतः पिकावरच्या स्किपरसाठी. अळी वाढवा.

एका डब्यात एकच अळी. तळाला टिश्यू, झाकणाऐवजी पातळ कापड. हळदीचं पान गुंडाळीसकट देठाजवळ कापा आणि देठाला ओला कापूस गुंडाळा. गुंडाळी उघडून बघायचा मोह टाळा. प्रत्येक वेळी अळी नवीन रेशीम काढून ती शिवते आणि खाणं मागे पडतं. विष्ठा रोज काढा. डब्याच्या आतून पाण्याचे थेंब दिसले की समजा हवा कमी पडतेय, दुसऱ्या दिवशी बुरशी येते. अळीच्या अंगावर किंवा शेजारी पांढरे छोटे कोष दिसले तर परजीवी माशी आधीच आत होती. तो डबा टाकू नका, माश्या बाहेर येऊ द्या, ती नोंदही मोलाची.

हळदीवर निघणारं प्रत्येक फुलपाखरू ग्रास डेमन असेलच असं नाही, हेही इथेच कळतं. 'रिस्ट्रिक्टेड डेमन', म्हणजे नोटोक्रिप्टा कर्विफॅसियाच्या अळ्याही आलं-हळदीच्या कुळावर वाढतात. उदास्पेसच्या मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग असतो. नोटोक्रिप्टाच्या पुढच्या पंखावर वाकडा पांढरा पट्टा, मागचा पंख काळसर कोरा.

रानजाई:

अळी वाढवायची पद्धत उत्तम, पण खाद्य वनस्पतीचं नाव नोंदीत हवंच. करंजावर हसोरा क्रोमस, कारवीवर सेलेनोऱ्हिनस, करांद्याच्या कुळातल्या वेलींवर स्नो फ्लॅट, बांबूवर मटापा या स्किपरच्या अळ्या असतात. झाड बरोबर लिहिलं असेल तर अर्धवट फोटोलाही किंमत येते.

नोंदवही, तुमच्या साखळीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी शाळेच्या मुलांबरोबर फिरताना मी 'स्नो फ्लॅट'च म्हणणार, कारण मूल ते फुलपाखरू दुसऱ्या दिवशी स्वतः ओळखतं. वहीत शास्त्रीय नाव लिहीन, आणि शेजारी सामान्य नाव कुठल्या देशाच्या यादीतलं तेही.

पंखशिरा:

देश लिहिणं फार उपयोगी. टेलिकोटा कोलन भारतात 'पेल पाम डार्ट', इतरत्र त्यालाच 'कॉमन पाम डार्ट' म्हणतात. देश नसेल तर दोन प्रजाती समजून बसतो.

आणि मिशांचा फोटो विसरू नका. मिटलेल्या पंखावर सेलचा ठिपका नाही आणि चार ठिपके जवळपास सरळ रेषेत असतील, तर बोर्बो लिहायच्या आधी पार्नारा हा स्विफ्टचा दुसरा वंश तपासा. पार्नाराच्या मिशा आखूड, पुढच्या पंखाच्या वरच्या कडेच्या जेमतेम निम्म्या असतात. मिशा पानाच्या मागे लपल्या असतील तर नोंद 'स्विफ्ट, वंश अनिश्चित' अशीच ठेवा.