चर्चा: एक बैठक पोरांच्या हाती द्यावी का, की सतरंज्या घालण्यापुरतंच बोलवावं?

हिशेबवही
सांगली जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव. गाण्याचं मंडळ आहे, वर्षाला चार बैठका होतात. हॉल दीडशे खुर्च्यांचा, माणसं सत्तरेक. मी खजिनदार. कार्यकारिणीत सगळ्यात तरुण मीच, आणि मला एकसष्टावं चालू आहे!
गेल्या बैठकीला कॉलेजातली पाच-सहा मुलं मदतीला घेतली. कार्यक्रम आटोपल्यावर त्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, आम्ही सतरंज्या घातल्या, चहा फिरवला, गाडीतून तंबोरे उतरवले. गाणं ऐकलं ते जिन्यात उभं राहून. पुढच्या वेळी कुणाला बोलवायचं हे आम्हाला विचाराल का?" मला उत्तर सुचलं नाही.
माझं मत असं की वर्षातली एक बैठक त्यांच्याकडे सोपवावी. कलाकार, बिदागी, तिकीट, वेळ, सगळं त्यांनी ठरवावं. कार्यकारिणीत या बाजूला मी एकटाच आहे.

विंगेतला
मन मोठं आहे तुमचं, पण मी हात पोळून घेतलेत. आमच्याकडे असंच एकदा मुलांवर सोपवलं. पोस्टर झकास, रील झकास. गायिकेचा सूर काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, आणि तबला आला काळी एकचा, बराच चढा. तो तिथवर उतरेना. साडेसहाचं गाणं पावणेआठला सुरू झालं, तेही तबलजींनी मित्राकडून दुसरा तबला मागवला म्हणून. पहिल्या रांगेतले निम्मे लोक तोवर घरी. त्या बाई आमच्याकडे पुन्हा आल्या नाहीत. नाव आमचं गेलं, पोरं पुढच्या वर्षी नोकरीला पुण्यात.

जिना नंबर दोन
काका, एक विचारू? काळी चार लागते हे त्या मुलांना सांगितलं कुणी होतं? तुमच्या मंडळात ही माहिती कुठे लिहिलेली होती, की वीस वर्षं एकाच माणसाच्या डोक्यात होती?
मी इंजिनीअरिंगला असताना स्पिक मॅकेचं काम केलंय. किरण सेठ यांनी 1977 मध्ये आयआयटी दिल्लीत सुरू केलेली, शास्त्रीय संगीत शाळा-कॉलेजांत नेणारी चळवळ, आजही मोठा भार विद्यार्थ्यांवरच. माझं पहिलं काम स्टेशनवर एका सरोदवादकांना आणायला जाण्याचं. वाद्य डिकीत टाकायला गेले तर त्यांनी ते मुकाट्याने काढून मांडीवर घेतलं. रागावले नाहीत. त्यानंतर मी कुणाचंही वाद्य डिकीत ठेवलेलं नाही. चूक करायला मिळाली म्हणून शिकले.

विंगेतला
स्पिक मॅकेचं उदाहरण इथे चालणार नाही. तिथे तिकीट नसतं, हॉल बहुधा कॉलेजचाच. हिशेबवहींना हॉलचं भाडं भरायचंय. आणि आता कुणी पुरुषोत्तम करंडक काढेल म्हणून आधीच सांगतो: 1963 पासून एकांकिका करतात मुलं, पण स्पर्धा भरवते महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था. विंगेत 'आव्वाज कुणाचा' ओरडणं वेगळं, तारखा आणि पैसे सांभाळणं वेगळं.

झाडीतला
पुण्या-सांगलीच्या बाहेरही जग आहे मंडळी. आमच्या झाडीपट्टीत, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याकडे, दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, मोसम सुरू झाला की गावोगाव रात्रभर नाटकं. वडशाच्या नाटक कंपन्यांकडून नाटक ठरवून आणतं ते गावातलं मंडळ, आणि त्यात पोरंच जास्त. इसार देणं, मंडप, तिकिटं, कंपनीच्या जेवणाची सोय, पहाटे चहा, सगळं तेच बघतात. नाटक पडलं तर वर्षभर गावात तोंड दाखवायची चोरी. त्या भीतीनं जे शिकतात ते सर्टिफिकेटनं नाही शिकत. आमच्याकडे "तरुणांना सामील करावं का" असा प्रश्नच कुणी विचारत नाही, कारण त्यांनी नाही केलं तर नाटकच होणार नाही.

जिना नंबर दोन
हेच म्हणायचं होतं! आणि 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला तेव्हा भीमसेनजी एकतीस वर्षांचे होते. आजच्या कुठल्याही कार्यकारिणीत ते 'युवा प्रतिनिधी' म्हणून कोपऱ्यात बसले असते.

विंगेतला
भीमसेन जोशी आणि कॉलेजातली पाच पोरं! काय तुलना आहे. तोवर पंचक्रोशीत त्यांचं गाणं पोचलं होतं, शब्दाला किंमत होती. मला तरुणांचं वावडं नाही हो. दोन वर्षं सोबत राहू दे, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, कशी काढतात, बिदागीचं पाकीट कुणी, कधी आणि कसं द्यायचं, हे बघू दे. मग द्या बैठक.

जिना नंबर दोन
दोन वर्षं सतरंज्या घालून कोण थांबणार? तिसऱ्या महिन्यातच पळतात, आणि मग तुम्हीच म्हणता की हल्लीच्या मुलांना गाण्याची आवड नाही.

हिशेबवही
रविवारची सभा झाली. थोडक्यात सांगतो, कारण वाद दोन तास चालला. फेब्रुवारीची बैठक मुलांना दिली. अट एक, बिदागीचा आकडा ठरवताना मी सोबत असेन. चेकवर सही माझीच. यावर त्या मुलीचं तोंड जरा वाकडं झालं, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं, पण अध्यक्षांना एवढंच पचलं.
तिचं पहिलंच म्हणणं ऐकून सगळे गार. बैठक सकाळी सातला ठेवायची. म्हणे, "रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून तुमच्या सगळ्या बैठका संध्याकाळच्या. मग ललत, तोडी हे सकाळचे राग आम्ही समोर बसून कधी ऐकायचे?" चाळीस वर्षांत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. विद्यार्थ्यांना तिकीट पन्नास रुपये.

विंगेतला
सकाळी सातला गाणं म्हणजे तंबोरे साडेपाचला जुळवायला घ्यावे लागणार. फेब्रुवारीतली थंडी, सूर सारखा हलणार. हॉलची किल्ली आदल्या रात्रीच घेऊन ठेवा, वॉचमन पहाटे उठत नाही. आणि तबल्याचा सूर कलाकाराला फोन करून विचारा, मेसेज नको. ते मेसेज बघत नाहीत.