मदत हवी आहे : बुबुळाच्या मॅक्रोतली चकाकी घालवायची कशी?

मंडळी, मालवणात घरीच बुबुळांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे फोटो, चालू आहेत. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो लेन्स, १:१ (सेन्सरवर वस्तूच्या मूळ आकाराइतकीच प्रतिमा), छिद्र एफ/११, शटर १/१६० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००. बुबुळ जेमतेम १२ मिमीचं, फ्रेममध्ये बसतं. पण फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, मिलिमीटरभरच. म्हणून डोकं भिंतीला टेकवून, मॅन्युअल फोकस बाहुलीच्या कडेच्या तंतूंवर. पापणीवर किंवा चकाकीवर गेला की फोटो फुकट.

आपल्याकडचे डोळे गडद तपकिरी. समोरून फ्लॅश मारला की नुसतं काळं वाटोळं दिसतं. बटर पेपर लावलेला फ्लॅश कानशिलाच्या बाजूने आला तरच तंतू उठतात. खिडकी बंदच हवी, नाहीतर अंगणातल्या माडाचं प्रतिबिंब झावळ्यांसकट कॉर्नियावर (बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर)! खोलीत मंद दिवा मात्र ठेवतो, म्हणजे बाहुली आकसते आणि बुबुळ जास्त दिसतं.

अडचण फ्लॅशच्या पांढऱ्या ठिपक्याची. फ्लॅशवर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश सोडणारी) फिल्म आणि लेन्सवर तिला आडवा, म्हणजे काटकोनात, पोलरायझर लावला की ठिपका जातो, पण बुबुळावर काळसर फुली आणि रंगीत पट्टे येतात. कॉर्नियाच प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा बदलतो, हे कळतं. उपाय काय? पोलरायझर पूर्ण आडवा न ठेवता थोडा फिरवला तर फुली सुसह्य होते का? की फ्लॅशची बाजू बदलून दोन फोटो जोडावेत? त्यात बाहुली किंचित जरी बदलली तरी तंतू जुळत नाहीत.

शिवाय दोन पोलरायझरमुळे प्रकाश इतका घटतो की आयएसओ ८०० वर न्यावा लागतो. ज्यांनी हे केलंय त्यांनी फ्लॅशचा कोन आणि अंतर आकड्यांत सांगावं.