विषय: पुण्यातला बंद फ्लॅट फुटला, तर पोलिसांचा अधिकार कुठवर?

मंडळी,
आपल्यापैकी बऱ्याच जणांचे कोथरूड-वारज्यात बंद फ्लॅट आहेत, म्हणून सगळ्यांच्या वतीने विचारते. कोयंडा तुटलेला दिसला, शेजाऱ्यांनी ११२ ला फोन केला. पुढे घरच्यांनाच आत जाऊ न देणं, दाराला पोलिसांचं कुलूप, सोसायटीचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) उचलणं, वयस्क आईला जबाबासाठी चौकीवर बोलावणं यातलं काय कायद्यात बसतं? मालक इथे परदेशात असताना फिर्याद कोणी द्यायची?
– मीनल

मीनलताई,
आधी फिर्याद, कारण बहुतेक जण तिथेच अडतात. घरफोडी दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक आणि तपास करू शकतात, आणि त्याची खबर कोणीही देऊ शकतं. मालकच हवा असं नाही, कुलमुखत्यारपत्रही लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा; पुढे नुसतं कलम लिहिलं की याचंच) कलम १७३ प्रमाणे ईमेलनेही खबर देता येते, पण देणाऱ्याने ३ दिवसांत सही करावी लागते. परदेशातून ते कसं जमणार? त्यापेक्षा पुण्यातल्या भावाला नाहीतर शेजाऱ्याला फिर्यादी करा. काय गेलं हे त्याला ठाऊक नसणार, तेव्हा ‘ऐवजाची यादी मालकाकडून घेऊन पुरवणी जबाबात देतो’ हे वाक्य फिर्यादीत घालायला लावा. अंदाजाने ‘दोन तोळे’ लिहून मोकळे झालात, तर माल सापडल्यावर पाच तोळे आपले आहेत हे पटवताना घाम फुटतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. कोथरूड पुणे आयुक्तालयात, हिंजवडी पिंपरी-चिंचवडच्या. चुकीच्या ठाण्यात गेलात तरी शून्य क्रमांकाने नोंदवून त्यांनी वर्ग करायची असते.

पंचनामा होईपर्यंत आत जाऊ न देणं बसतं. यासाठी काही जण कलम १७२ (पोलिसांचे कायदेशीर आदेश पाळणं) पुढे करतात, पण ते प्रतिबंधक कारवाईच्या प्रकरणातलं आहे. खरा आधार तपासाचा: १७६ खाली अधिकाऱ्याने घटनास्थळी जाऊन तपास करायचा असतो आणि त्यात मुद्दाम अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) २२१ लागतं, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरकामाच्या मावशींनी भोळेपणी झाडू मारला म्हणून त्याच न्याय संहितेचं पुरावा नष्ट केल्याचं २३८ लागत नाही, त्याला गुन्हेगाराला वाचवायचा हेतू असावा लागतो. पुरावा मात्र जायचा तो जातोच.

कुलपाचं म्हणाल तर ठसेतज्ज्ञ येईपर्यंत जागा बंद ठेवणं रास्त आहे. पण घर ‘जप्त’ होत नाही. नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ (आताचं १०६) खाली पोलिसांना स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही असं ठरवलं. काम संपूनही किल्ली मिळेना, तर पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

घटनास्थळ पंचनामा आणि झडती यांची गल्लत करू नका. झडतीत (कलम १०३) दोन स्थानिक पंच, घरच्या माणसाला हजर राहायची मुभा आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत हे सगळं हक्काचं आहे. १०५ प्रमाणे त्याचं चित्रीकरणही करायचं असतं.

आईंचं उत्तर सोपं आहे. कलम १७९: कोणतीही स्त्री आणि साठीपुढचा पुरुष यांना जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. स्वतःहून जायचं असेल तर गोष्ट वेगळी. हाच नियम घरकामाच्या बाईंनाही आहे. पहिला संशय त्यांच्यावर जातो, म्हणून त्यांना हे आधी सांगा. आणि तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घेत नाहीत (१८१). फिर्यादीवर मात्र घेतात.
– शिरीष, शिवाजीनगर कोर्ट

शिरीषराव,
ठशांबद्दल थोडी भर. बंद घरातली धूळ हे भाग्यच, त्यात चपलेचा उमटलेला ठसा स्वच्छ मिळतो. पण पहिल्या अर्ध्या तासात सोसायटीची दहा माणसं ‘काय काय गेलं’ बघायला आत फिरतात आणि तो पुसतात. श्वान पथकाचाही त्याच गर्दीने घोटाळा होतो. बोटांचे ठसे गुळगुळीत पृष्ठभागावर टिकतात: लोखंडी कपाटाचं दार, आरसा, काच, स्टीलचे डबे. खरखरीत लाकडावर आशा धरू नका. कपाट ढकलून बंद करू नका, पंखा लावू नका, विस्कटलेले कपडे उचलू नका.

कोयंडा आणि तुटलेलं कुलूप हा मुद्देमाल आहे, त्यावर कटावणीचे व्रण असतात. लोक नेमका सुतार बोलावून तोच बदलतात. नवं कुलूप पंचनाम्यानंतर.

घरात नेहमी वावरणाऱ्यांचे ठसे वगळण्यासाठी मागतात. राजीखुशीने द्यावेत, नाहीतर आपल्याच मावशींचे ठसे ‘अनोळखी’ ठरतात.

७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यायचं असं १७६(३) म्हणतं. घर फोडून चोरीला दिवसा १० आणि रात्री १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे बसतं. मात्र हे कलम अमलात आणायला राज्यांना जुलै २०२४ पासून ५ वर्षांची मुदत आहे, तेव्हा पथक येईलच असं धरून चालू नका, मागणी करा.
– सुलभा

सुलभाताईंशी सहमत. डीव्हीआर पोलीस ९४ खाली मागू शकतात, १०६ खाली जप्तही करू शकतात. सोसायटीने हार्ड डिस्कवर नवं चित्रण चढणं आधी थांबवावं. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं मागेपुढे आहे आणि त्याचा अनुक्रमांक काय, हे पंचनाम्यात लिहवून घ्यावं. घड्याळाचा फरक नोंदवला नाही तर चोर ‘दुसऱ्याच वेळी’ जिन्यात दिसतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) ६३(४) प्रमाणे चित्रणासोबत जोडायच्या प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ यंत्र सांभाळणाऱ्याने द्यायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने.

तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (१९३). दागिने सापडले तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, वजन-फोटोसह ताबेपावती आणि बंधपत्र. इथे मात्र कुलमुखत्यारपत्र जवळ असलेलं बरं. वकिलातीत साक्षांकित करून पाठवा आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक भरा.
– शिरीष