रात्रपाळीत पहाटे डोकं चालत नाही, मेंदूला रक्त कमी पडतं का?

जॉबर_अक्कलकोट_रोड
टॉवेलच्या मागांवर रात्री आठ ते सकाळी आठ पाळी असते. साडेतीननंतर ताण्याचा (कापडातला उभा) धागा तुटला तरी कामगाराच्या लक्षात येत नाही, हातभर कापड फॉल्टचं निघतं. माणूस उभा असतो, डोळे उघडे असतात. जागरणाने मेंदूचा रक्तपुरवठा घटतो म्हणून कुणीतरी गोळ्या सुचवल्यात. द्याव्यात का?

मेंदू_आणि_झोप
नका देऊ. मेंदूला हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण १५ टक्के जातं, जागरणाने ते आटत नाही. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त वळतं. २४ तास जागलेल्यांच्या पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारी तपासणी) कपाळामागचा भाग आणि थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातला भाग) यांचा ग्लुकोजचा वापर घटलेला दिसलाय. लक्ष टिकवणं, चूक पकडणं ही कामं मुख्यतः तिथली. म्हणजे पेशी मंदावतात, मग तिथलं रक्त कमी होतं. नुसतं रक्त वाढवून त्या जाग्या होणार नाहीत.

पुरावा चहात आहे. कॅफिन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसवतं, रक्तप्रवाह उलट कमी करतं, तरी तरतरी येते. कारण जागेपणी मेंदूत साचत जाणाऱ्या, झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या रसायनाची जागा ते अडवतं. साचलेलं अ‍ॅडेनोसिन मात्र झोपेतच उतरतं.

उघड्या डोळ्यांना धागा दिसत नाही, कारण मेंदू मध्येच काही क्षण प्रतिसादच देत नाही. लक्ष तपासायच्या चाचणीत दिवा लागल्यावर बटण दाबायला ५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की ती चूक धरतात. जागरण वाढेल तशा या चुका वाढतात.

पाळी_आरोग्य
"झोप येतेय का?" असं विचारून काही कळणार नाही. २००३ च्या एका अभ्यासात १४ दिवस रोज सहाच तास झोपलेल्यांची कामगिरी रात्रभर जागलेल्यांइतकी तरी घसरली, पण त्यांना स्वतःला पेंग थोडीच वाढलीय असं वाटत होतं.

दोन-अडीचच्या सुमारास कामगारांना आळीपाळीने वीस मिनिटं आडवं होऊ द्या. चहा त्याच्या आधी, कॅफिनचा असर यायला तेवढाच वेळ लागतो. तीननंतर चहा नको. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात, घरी गेल्यावरची झोप मोडते. डिझाइन किंवा बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) बदलायचं काम पहाटे ठेवू नका.

जॉबर_अक्कलकोट_रोड
झोपू दिलं तर उठल्यावर अर्धा-पाऊण तास सुस्तच असतात.

मेंदू_आणि_झोप
म्हणजे झोप लांबली आणि गाढ झाली. उठल्यावर थॅलॅमसकडचा रक्तप्रवाह लगेच सावरतो, कपाळामागच्या भागाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, गाढ झोपेतून उठवलं तर सुस्ती त्याहून लांबते. गजर वीस मिनिटांचाच लावा आणि उठल्यावर पंधरा मिनिटं चालू मागाला हात लावू देऊ नका.

पाळी_आरोग्य
दिवसाची झोप सुधारल्याशिवाय हे सगळं अपुरं आहे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत झोप लागणं अवघडच, कारण झोपेसाठी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. घरी पोचल्यावर लगेच, ऊन तापायच्या आत झोपावं. खिडकीला जाड काळं कापड आणि कूलर. कूलर लावला तर मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर दमट हवा कोंडते आणि घाम वाळत नाही. एवढं करूनही कुणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा. तिथे रक्तातला ऑक्सिजन खरोखर घटतो, आणि त्यावर उपचार आहेत.